ॲप्रेंटिस आणि कंत्राटी: शर्ट एकच, मस्टर वेगळं

सकाळी पावणेसातला अंबड एमआयडीसीत एका गेटवर दोन पोरं उभी. दोघांचा शर्ट निळा, डबाही सारखाच. घरी विचाराल तर दोघांच्या आया एकच सांगतील, "कंपनीत लागलाय, पण पर्मनंट नाही."

पहिला ॲप्रेंटिस, सातपूरच्या आयटीआयचा फिटर. १९६१ च्या ॲप्रेंटिस कायद्याने तो कामगार नव्हेच, शिकाऊ. म्हणून पगाराऐवजी विद्यावेतन, पीएफ नाही. मुदत संपली की परीक्षा आणि देशभर चालणारं प्रमाणपत्र. ३० किंवा जास्त माणसं असतील तर कंपनीला किमान २.५ टक्के ॲप्रेंटिस घ्यावेच लागतात.

दुसरा कंत्राटी. काम कंपनीत, हजेरी ठेकेदाराच्या मस्टरवर. पण हा पुरता कामगार: किमान वेतन, पीएफ, ओव्हरटाइम सगळं लागू. ठेकेदाराने पगार बुडवला तर तो कंपनीने भरायचा. हक्कांत हाच वरचढ, हे सांगूनही लोकांना पटत नाही.

पण हात कुणाचा बसतो? राज्याच्या मॉडेल स्टँडिंग ऑर्डरमध्ये, म्हणजे कारखान्यातल्या नोकरीच्या नमुना नियमांत, कलम होतं: १२ महिन्यांत सलग २४० दिवस भरले की तात्पुरत्या कामगाराला कायम करा. हेतू चांगलाच. कंत्राटी माणूसही उद्या कोर्टात आपलाच ठरेल या धास्तीने सात महिने होत आले की त्यालाही 'ब्रेक', म्हणजे २४० भरायच्या आत कामावरून बंद. हजेरी बघणाऱ्या टाइम ऑफिसला असताना २१० दिवस ओलांडलेल्यांची यादी मीच काढायचो. सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर, ऑफसेट (मापातली दुरुस्ती) द्यायला नुकत्याच शिकलेल्या एका पोराचं नाव त्यात आलं. सुपरवायझर माझ्यावर उखडला. दोन आठवड्यांनी नवा पोरगा आला, आणि मापाचं व्हर्नियर कसं वाचायचं इथपासून पुन्हा सुरुवात.

कारखाना वाढवण्याचंही तसंच. औद्योगिक विवाद कायद्याच्या १९८२ च्या दुरुस्तीने १०० किंवा जास्त कामगारांच्या कारखान्याला कामगार कपातीसाठी वा बंद करण्यासाठी सरकारची परवानगी सक्तीची झाली. मग आपल्या पटावर ९०-९५, बाकीचं ठेकेदाराकडे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून ही मर्यादा ३०० आहे. पण सवय एका तारखेने जात नाही.

ॲप्रेंटिसही त्या आकड्यात धरत नाहीत. त्यामुळे काही ठिकाणी फिटर पोरगा वर्षभर पॅकिंगलाच उभा. अशा घरी मी दोनच गोष्टी विचारतो: स्लिपवर पीएफ कापलाय का, आणि ॲप्रेंटिसचा करार सरकारी पोर्टलवर नोंदवलाय का? दोन्हींना "नाही" आलं, तर पोरगा ॲप्रेंटिसही नाही आणि कंत्राटीही नाही, नुसताच राबतोय.