सामूहिक कारावास, अमेरिका

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९७० नंतर तुरुंगातील माणसांची संख्या लोकसंख्येच्या मानाने कित्येक पटींनी वाढली. या स्थितीला सामूहिक कारावास म्हणतात. १९७२ च्या सुमारास राज्यांच्या आणि संघराज्याच्या तुरुंगांत मिळून सुमारे २ लाख कैदी होते. २००९ पर्यंत ते १६ लाखांवर गेले. खटला चालू असलेल्यांना आणि छोट्या शिक्षा झालेल्यांना ठेवणाऱ्या स्थानिक कोठड्याही धरल्या तर त्या सुमारास जवळपास २३ लाख माणसे गजाआड होती.

आकडे धक्कादायक आहेत, पण ही वाढ अन्याय्य होती हे तेवढ्याने सिद्ध होत नाही. गुन्हे वाढले म्हणून कैदी वाढले असतील, ही शंका आधी दूर करावी लागते. हिंसक गुन्ह्यांचे प्रमाण १९९१ नंतर उतरू लागले, तरी कैद्यांची संख्या पुढे जवळपास दोन दशके चढत राहिली. राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या २०१४ च्या अहवालाने १९८० ते २०१० मधील राज्यांच्या तुरुंगांची आकडेवारी उलगडली. अटक झालेल्याला तुरुंगात धाडण्याची शक्यता वाढली आणि शिक्षा लांबल्या. वाढीचा भार या दोन कारणांवर जवळपास निम्मा-निम्मा पडतो. या विषयातला सर्वांत भक्कम पुरावा हाच, कारण तो दोष गुन्हेगारीवरून उचलून धोरणावर ठेवतो.

ती धोरणे नावानिशी सांगता येतात. न्यूयॉर्कचे १९७३ चे कडक अमली पदार्थविरोधी कायदे, कॅलिफोर्नियाचा १९९४ चा ‘तिसऱ्या गुन्ह्याला जन्मठेप’ कायदा, त्याच वर्षीचा संघराज्याचा गुन्हेविषयक कायदा. १९८६ च्या कायद्याने ५ ग्रॅम क्रॅक (कोकेनचा ओढण्याजोगा प्रकार) आणि ५०० ग्रॅम कोकेन पावडर यांना सारखीच, किमान ५ वर्षांची शिक्षा ठरवली. क्रॅकच्या खटल्यांत बहुतांश आरोपी कृष्णवर्णीय असल्याने या शंभरपट फरकाचा फटका कुणाला बसला, हे वेगळे सिद्ध करावे लागले नाही. २०१० मध्ये हा फरक अठरापटींवर आणला गेला. तो पूर्ण मिटवला मात्र नाही.

मात्र सुधारणावाद्यांचा एक लाडका दावा इथे कच्चा पडतो. अमली पदार्थांचे गुन्हेगार सोडले की तुरुंग रिकामे होतील, असे म्हटले जाते. संघराज्याच्या तुरुंगांत असे कैदी निम्म्याच्या आसपास असतात. पण देशातले बहुसंख्य कैदी राज्यांच्या तुरुंगांत आहेत आणि तिथे निम्म्याहून अधिक जण हिंसक गुन्ह्यांसाठी शिक्षा भोगतात. खासगी तुरुंगांना दोष देऊनही भागत नाही, कारण तिथे एकूण कैद्यांपैकी दहावा हिस्साही नसतो. म्हणजे हिंसक गुन्ह्यांच्या शिक्षा किती लांब असाव्यात, हा अवघड प्रश्न टाळून प्रामाणिक युक्तिवाद होऊ शकत नाही.

मोजमापातही फसगत होते. एका दिवसाच्या शिरगणतीत लांब शिक्षेचे कैदी ठळक दिसतात, तर वर्षभरात आत-बाहेर होणाऱ्यांत स्थानिक कोठड्यांतले लोक कितीतरी अधिक असतात. या कोठड्यांत बहुसंख्य माणसे अजून दोषी ठरलेली नसतात, आणि जामिनाचे पैसे नाहीत म्हणून अनेकांना तिथे राहावे लागते.

माणूस आत असताना बाहेर गुन्हा करू शकत नाही, हा कठोर शिक्षांच्या समर्थकांचा मुद्दा खरा आहे. पण वय वाढते तशी गुन्ह्याकडे वळण्याची शक्यता घटते, म्हणून दीर्घ शिक्षेतील शेवटच्या वर्षांचा लाभ कमी होत जातो. न्यूयॉर्क राज्याने १९९९ नंतर कैद्यांची संख्या मोठ्या प्रमाणात घटवली, आणि त्याच काळात तिथले हिंसक गुन्हेही पुढची अनेक वर्षे कमी होत गेले.