कर्नलमधील कॉन्फिग पर्याय

कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. तो कंपाइल करण्याआधी, म्हणजे सोर्स कोडपासून चालवण्याजोगा प्रोग्राम बनवण्याआधी, त्यातला कोणता भाग घ्यायचा आणि कोणता गाळायचा हे ठरवणारी निवड म्हणजे कॉन्फिग पर्याय. लिनक्स कर्नलमध्ये असे 10,000 हून अधिक पर्याय आहेत. एकच सोर्स कोड सर्व्हरवर, मोबाइलमध्ये आणि घरच्या वायफाय राउटरमध्येही चालतो, तो त्यांच्याच जोरावर. पर्याय वाढले की कोडमध्ये अटीही वाढतात, आणि त्या कुठे ठेवायच्या यावर कोड वाचता येईल की नाही हे ठरते.

पर्यायांची नोंद ‘केकॉन्फिग’ या छोट्या भाषेत होते. रोमन झिपेल यांनी लिहिलेली ही भाषा 2002 मध्ये, 2.5 मालिकेच्या काळात, कर्नलमध्ये आली. एरिक रेमंड यांची पायथॉनमधली सीएमएल-2 ही अशाच कामाची पद्धत त्याआधी पुढे आली होती, पण ती स्वीकारली गेली नाही. काही पर्यायांना ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढीच उत्तरे असतात. ड्रायव्हरसारख्या (उपकरण चालवणाऱ्या) भागांना तीन असतात: ‘वाय’ म्हणजे कर्नलमध्येच, ‘एम’ म्हणजे गरजेला लोड होणारे वेगळे मॉड्यूल, ‘एन’ म्हणजे नको. सगळी उत्तरे ‘डॉट कॉन्फिग’ फाइलमध्ये साठतात. बंद पर्यायाची ओळ तिथे हॅशने सुरू होते आणि ‘इज नॉट सेट’ने संपते. दिसायला ती टीप वाटते, पण ते दिलेले उत्तर असते. ओळ पुसली की ‘मेक ओल्डकॉन्फिग’ ही आज्ञा तो प्रश्न पुन्हा विचारते.

कोडमध्ये पर्याय तपासण्याची जुनी रीत म्हणजे ‘इफडेफ’, ‘हे नाव परिभाषित असेल तरच पुढचा कोड घे’ अशी सूचना. ती सोपी आहे, म्हणूनच घातक आहे. बंद पर्यायाचा कोड प्रीप्रोसेसर, म्हणजे कंपायलरच्या आधीची पायरी, काढून टाकतो, त्यामुळे कंपायलरला तो दिसतच नाही. एखाद्या फंक्शनचा आर्ग्युमेंट बदलला आणि इफडेफच्या आत जुनाच कॉल राहिला, तर बदलणाऱ्याच्या मशीनवर सगळे सुरळीत बांधले जाते. तो पर्याय चालू असलेल्या दुसऱ्या कोणाच्या तरी मशीनवर मात्र बिल्ड मोडते. म्हणून कर्नलच्या कोडिंग स्टाइलमध्ये स्पष्ट सांगितले आहे, की ‘डॉट सी’ फाइलमध्ये शक्यतो इफडेफ नको. अट हेडर फाइलमध्ये (जी अनेक ‘डॉट सी’ फाइली आपल्यात घेतात) ठेवावी, आणि पर्याय बंद असेल तेव्हासाठी त्याच नावाचे काहीही न करणारे इनलाइन फंक्शन, म्हणजे ‘स्टब’, तिथेच द्यावे. जत्रेतल्या नाटकात शिपायाचे काम करणारा ऐनवेळी आला नाही म्हणून राजाच्या संवादांना कोणी कात्री लावत नाही. कोणाला तरी भाला देऊन उभे करतात. स्टब हेच करतो. कॉल करणाऱ्याला आपली ओळ बदलावी लागत नाही.

दुसरे साधन ‘इज एनेबल्ड’ हा मॅक्रो, म्हणजे प्रीप्रोसेसर उलगडतो असे छोटे नाव. पर्याय ‘एम’ असेल तेव्हा त्याचे साधे नाव परिभाषित होत नाही, शेवटी ‘मॉड्यूल’ जोडलेले नाव होते. नुसत्या इफडेफने तपासणारा इथे फसतो. हा मॅक्रो दोन्ही नावे पाहतो. तो सीच्या साध्या ‘इफ’मध्ये वापरता येतो, म्हणून कंपायलर आतला कोड पूर्ण तपासतो आणि अट खोटी असेल तर मगच तो गाळतो. त्याला मर्यादाही आहेत. स्ट्रक्चरमधले फील्डच इफडेफखाली असेल तर ‘इफ’ उपयोगाचा नाही. कर्नलमध्येच बसलेला कोड मॉड्यूलमधले फंक्शन बोलावत असेल, तर अट खरी ठरूनही लिंकिंग, म्हणजे तुकडे जोडण्याची शेवटची पायरी, अडते; त्यासाठी ‘इज रीचेबल’ हा मॅक्रो आहे.

गोव्यातल्या मराठी वाचकाच्या हाताशी असलेले उदाहरण पेनड्राइव्हचे. फोंड्याच्या अंत्रुज महालात देवळाच्या जत्रेला मराठी नाटक बसवणाऱ्याने संहितेच्या फाइलला देवनागरी नाव दिले, आणि व्हीफॅट (पेनड्राइव्हवर फाइली मांडण्याची एक पद्धत, फॅटचा एक प्रकार) पेनड्राइव्ह लिनक्सवर हाताने माउंट केला, म्हणजे वापरासाठी जोडला, तर नावाच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग दिसू शकते. फाइल शाबूत असते. फॅटचा मूळ अक्षरसंच आयएसओ 8859-1 ठेवलेला असतो आणि त्यात देवनागरी नाही. माउंट करताना ‘यूटीएफ-8’ मागता येते, किंवा ‘फॅट डिफॉल्ट यूटीएफ-8’ हा कॉन्फिग पर्याय चालू करता येतो. फॅटच्या कोडमध्ये त्यासाठी इफडेफ नाही. पर्याय चालू आहे आणि फाइलसिस्टिम व्हीफॅट आहे, या दोन्हींचा ‘इज एनेबल्ड’ने काढलेला निकाल एका ओळीत ठेवला आहे. नवशिक्याने उघडून पाहावी अशी ती ओळ आहे.

केकॉन्फिगमध्ये ‘डिपेंड्स ऑन’ अवलंबित्व सांगते, तर ‘सिलेक्ट’ दुसरा पर्याय बळेच चालू करतो. त्या दुसऱ्याचे अवलंबित्व पुरे झाले आहे का, हे सिलेक्ट पाहत नाही. म्हणून ज्यांना स्वतःचे अवलंबित्व नाही आणि जे मेनूत दिसत नाहीत, अशा पर्यायांपुरताच तो वापरावा.

फर्मागुडीला अभियांत्रिकी शिकणाऱ्याने जुन्या लॅपटॉपवर कर्नल बांधायला घेतला, तर सगळे पर्याय चालू ठेवून तासन्‌तास थांबण्याची गरज नाही. ‘मेक लोकलमॉडकॉन्फिग’ त्या क्षणी लोड झालेली मॉड्यूल ठेवतो आणि बाकीची गाळतो. त्या वेळी पेनड्राइव्ह लावलेला नसेल, तर व्हीफॅट आणि त्याचे कोडपेजही (अक्षरसंचाचे तक्ते) गळू शकतात, आणि नव्या कर्नलवर तोच पेनड्राइव्ह माउंट होत नाही. तेव्हा पेनड्राइव्ह, वायफाय डोंगल, प्रिंटर सगळे जोडून, पेनड्राइव्ह एकदा माउंट करून, मगच ही आज्ञा द्यावी.