बहांदरी (बडोदा संस्थान)

बहांदरी : बडोद्याच्या गायकवाडी राज्यात कर्ज, पगार, इनाम किंवा जीविताच्या सुरक्षिततेबद्दल तिसऱ्या पक्षाने दिलेली हमी. गुजरातीत हिलाच बांहेधरी म्हणतात. ही चाल जुनी आहे. परंतु १८०२ नंतर ईस्ट इंडिया कंपनीने युद्धखर्चासाठी गायकवाडांना पैसा दिला, सावकारांकडून देवविला आणि त्या कर्जाची बहांदरी स्वतःकडे घेतली. तेव्हापासून हा शब्द बडोद्याच्या राजकारणात कंपनीच्या हस्तक्षेपाचा पर्याय होऊन बसला. या नोंदीत मुख्यतः त्याच बहांदरीचा विचार केला आहे.

बडोद्याचा दरबार रोकडीवर चालत नसे, पेढ्यांवर चाले. हरिभक्ती, शामळ बेचर, मैराळ यांसारख्या पेढ्या पोतदारी करीत. म्हणजे सैन्याचा पगार आधी पेढीने द्यायचा आणि महालांच्या (परगण्यांच्या) वसुलावर काढलेल्या वरातींतून, म्हणजे पैसे देण्याच्या हुकूमचिठ्ठ्यांतून, तो व्याज व मनोतीसह (सावकाराच्या वर्ताळ्यासह) फेडून घ्यायचा. दरबारातले मराठी मानकरी बदलले, राजे बदलले, पण हिशेबाची ही साखळी तुटली नाही. सावकाराला भीती एकच : राजाने किंवा दिवाणाने उद्या वरात फिरवली तर दाद कोणाकडे मागायची? म्हणून राज्याच्या नोकरीतले अरब जमादार, म्हणजे भाडोत्री शिपायांचे नायक, बहांदरी देऊन मध्ये उभे राहत. तलवार त्यांच्या हाती असल्याने त्यांच्या शब्दाला वजन होते. अर्थात या जमादारांचा स्वतःचा पगारही तुंबलेलाच असे, आणि तो चुकता होईपर्यंत ते कोणालाही, प्रसंगी खुद्द राजालाही, अडकवून ठेवीत.

सन १८०० मध्ये गोविंदराव गायकवाड वारले. गादीवर आलेले आनंदराव दुर्बळ मनाचे होते. त्यांचा भाऊ कान्होजी याने कारभार बळकावला. दिवाण रावजी आपाजी आणि त्यांचा भाऊ बाबाजी यांनी अरबांच्या मदतीने त्याला बाजूला सारले. कडीचे जहागीरदार मल्हारराव यांनी कान्होजीची बाजू घेतली. दोन्ही पक्षांनी मुंबईला कंपनीकडे धाव घेतली आणि गव्हर्नर जोनाथन डंकन यांनी रावजींचा पक्ष उचलला. मेजर अलेक्झांडर वॉकर फौजेसह आले. १८०२ च्या वसंतात कडी पडली, मल्हारराव शरण आले आणि त्यांना नेमणूक (निर्वाहाची ठराविक रक्कम) देऊन नडियादला ठेवण्यात आले. वॉकर त्याच वर्षी बडोद्याचे पहिले रेसिडेंट, म्हणजे दरबारातले कंपनीचे प्रतिनिधी, झाले.

खरा पेच त्यानंतर पडला. बडोद्याच्या कोटात अरब शिबंदी (पगारी फौज) बसली होती आणि पगाराची बाकी चुकती झाल्याशिवाय ती हलणार नव्हती. अरबांनी आनंदरावांनाच आपल्या ताब्यात ठेवले. डिसेंबर १८०२ मध्ये कंपनीच्या फौजेने शहराला वेढा घातला. भिंतीला खिंडार पडल्यावर अरबांनी तह केला. बाकी मिळाल्यावर त्यांनी राज्य सोडून जायचे ठरले. ही बाकी भागवायला दरबाराच्या खजिन्यात पैसा नव्हता. एक वाटा कंपनीने उचलला, उरलेला बडोद्याच्या पेढ्यांनी. पेढ्यांचा पैसा मात्र कंपनी जामीन राहील या अटीवरच बाहेर आला. अरब जमादारांनी आजवर दिलेल्या बहांदऱ्याही याच व्यवहारात कंपनीकडे वळल्या. तोफेने जिंकलेल्या कोटापेक्षा या कागदांनी कंपनीला बडोद्यात अधिक पक्के केले, असे म्हणणे वावगे होणार नाही. फौज परत बोलावता येते. जामिनाला मात्र कर्ज फिटेपर्यंत दप्तर पाहण्याचा, वसूल कोठे जातो ते विचारण्याचा हक्क मिळतो.

मदतीची किंमत मुलखाच्या रूपात वेगळी मोजावी लागली. सुरतेची चौथ आणि चौऱ्यांशी परगणा कंपनीला मिळाला, पुढे खेड्याचा किल्लाही. एप्रिल १८०५ च्या तहाने तैनाती फौज ३,००० पायदळाची ठरली आणि तिच्या खर्चासाठी धोळका, नडियाद, मातर, महुधा इत्यादी सालिना ११,७०,००० रुपये उत्पन्नाचे महाल कंपनीच्या हवाली झाले. १८१७ मध्ये आणखी १,००० पायदळ आणि घोडदळाच्या दोन पलटणी वाढल्या. या फौजेची छावणी शहराच्या उत्तरेस, आजच्या फतेगंज भागात होती.

बहांदरी केवळ कर्जापुरती राहिली नाही. जून १८०२ मध्येच कंपनीने रावजी आपाजींशी स्वतंत्र करार करून दिवाणगिरी त्यांच्या घराण्यात चालविण्याचे वचन दिले होते. पुढे कारभारी, पेढीवाले, नेमणूकदार असे अनेक जण कंपनीच्या हमीचे कागद बाळगू लागले. राजाने अशा माणसाला कामावरून काढले किंवा त्याची वरात अडवली तर तक्रार थेट रेसिडेंटकडे जाई. राज्याचे नोकर राज्याच्याच विरुद्ध सुरक्षित झाले. ही हमी प्रत्येक वेळी उपयोगी पडली असे मात्र नाही. पेशव्यांनी गायकवाडांवर मागील बाकीचा दावा लावला होता. त्याचा निकाल लावण्यासाठी गायकवाडांचे कारभारी गंगाधरशास्त्री पटवर्धन १८१४ मध्ये कंपनीच्या संरक्षणाची हमी घेऊन पुण्यास गेले आणि जुलै १८१५ मध्ये पंढरपुरात त्यांचा खून झाला. संशय पेशव्यांचे विश्वासू कारभारी त्रिंबकजी डेंगळ्यांवर आला. १८१७ च्या पुणे तहात तो दावा सालिना ४ लाखांवर तोडण्यात आला.

१८१९ मध्ये सयाजीराव दुसरे गादीवर आले, तेव्हा कर्ज एक कोटीच्या वर गेले होते. पुढच्याच वर्षी मुंबईचे गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन बडोद्यास आले आणि त्यांनी एक मर्यादा आखून दिली : परराज्यांशी संबंध सर्वस्वी कंपनीकडे, अंतर्गत कारभार महाराजांकडे, पण बहांदरीचे करार पाळण्याच्या अटीवर. म्हणजे स्वातंत्र्य दिले, आणि त्याची दोरी सावकारांच्या खातेवहीला बांधली. सयाजीराव काटकसरी होते, हट्टीही होते. राज्याच्या देण्यापेक्षा खाजगी खजिना भरण्याकडे त्यांचा ओढा असल्याची तक्रार इंग्रज अधिकारी करीत. आपल्याच पेढीवाल्यांना परक्याने पाठीशी का घालावे, हा त्यांचा सवाल होता, आणि तो गैर नव्हता. १८२८ मध्ये गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी कर्जफेडीसाठी काही महाल जप्त केले. चार वर्षांनी नवे गव्हर्नर लॉर्ड क्लेअर यांनी समेट घडविला. महाराजांनी सावकारांशी परस्पर तडजोड केली आणि महाल परत मिळाले. तरी १८३८-३९ मध्ये नवसारी व पेटलादवर पुन्हा जप्ती आलीच. मुख्य कर्जे फिटत गेली तशी नव्या बहांदऱ्या देण्याची कंपनीची इच्छाही ओसरली, मात्र जुन्या हमींवरून भांडणे पुढे बराच काळ चालू राहिली.

१८५७ मध्ये प्रवाह उलटा वाहिला. खंडेराव गायकवाड इंग्रजांच्या बाजूने राहिले आणि गुजरातेत उठाव पसरू नये म्हणून त्यांनी मदत केली. त्याच्या मोबदल्यात गुजरात इर्रेग्युलर हॉर्स या घोडदळासाठी बडोद्याकडून घेतली जाणारी सालिना ३ लाखांची रक्कम माफ झाली. तैनाती फौजेसाठी १८०५ मध्ये दिलेले महाल मात्र परत आले नाहीत.