पाणी दिलेलं लोखंड रेतीपुढे का हरतं?

पेरणीआधी नांगराचा फाळ आणि वखराची पास लोहाराकडून पाजवून आणायची, ही विदर्भातली जुनी रीत. लोखंड तर इथं त्याहून जुनं. नागपूर जिल्ह्यात पारशिवनीजवळच्या नायकुंडला महापाषाण काळातली लोखंड गाळायची भट्टी उत्खननात सापडली आहे. फाळासाठी लोहार ट्रकच्या कमानपाट्याचा तुकडा घेतो; तो तापवायचा, ठोकून धार काढायची आणि लाल असतानाच पाण्यात बुडवायचा. याला तो पाणी देणं म्हणतो. पाणी चांगलं बसलं की फाळ टिकतो, हा त्याचा अनुभव. मातीत घासत जाणाऱ्या अवजारापुरता तो खराही आहे.

अर्थात मातीमातीत फरक असतो. पश्चिम विदर्भातली काळी जमीन बेसाल्टपासून झालेली, तिच्यात क्वार्ट्झ, म्हणजे गारगोटीचं कडक खनिज, कमी. भंडारा-गडचिरोलीकडची जमीन ग्रॅनाइट आणि नाइस खडकांची, तिथं क्वार्ट्झची रेती भरपूर. कडकपणा मोजायच्या व्हिकर्स मापावर साधं लोखंड 120 ते 150 भरतं, उत्तम पाणी दिलेलं पोलाद 700-800 आणि क्वार्ट्झ हजाराच्या वर. म्हणजे रेतीपेक्षा कडक फाळ लोहाराच्या भट्टीत निघतच नाही.

ही मापं तशी अलीकडची. फ्रिडरिख मोह्सने 1812 मध्ये दहा खनिजांची उतरंड लावली. कोण कोणाला ओरखडतं, एवढंच ती सांगत होती. 1900 मध्ये स्वीडनच्या ब्रिनेलने पोलादाची गोळी धातूत दाबून खळगा मोजायची पद्धत आणली. कारखान्यांच्या हाती आकडा आला, आणि एकदा आकडा आला की सगळा भरवसा त्याच्यावरच!

तो भरवसा उडत्या कणांनी मोडला. इयान फिनी यांनी 1960 मध्ये कणांच्या माऱ्याने होणाऱ्या झिजेचं गणित मांडलं. पोलादासारख्या लवचीक धातूवर कण 20-30 अंशांच्या तिरप्या कोनात आला की रंध्यासारखा पापुद्रा काढतो. सरळ आदळला तर तुलनेने कमी नुकसान करतो. काचेसारख्या ठिसूळ वस्तूचं उलट, तिला सरळ मारच जास्त लागतो. त्याच दशकातल्या चाचण्यांत खरी चकित करणारी गोष्ट दिसली. मऊ केलेल्या शुद्ध धातूंमध्ये जो जास्त कडक, तो कमी झिजत होता. पण एकच पोलाद पाणी देऊन कितीतरी कडक केलं तरी तिरप्या माऱ्यात फारसा फायदा होत नव्हता. याचं कारण असं, की कणांच्या माऱ्याने वरचा पातळ थर ठोकला जाऊन आपोआपच कडक होतो. आधी दिलेला कडकपणा तिथं जवळजवळ वाया जातो.

विदर्भात या प्रश्नाची मोठी प्रयोगशाळा औष्णिक वीजकेंद्रांच्या रूपाने उभी राहिली. कोराडी 1974 मध्ये सुरू झालं, चंद्रपूर 1980च्या दशकात. आपल्या कोळशात राख 30 ते 45 टक्के आणि तिच्यात क्वार्ट्झ. ही राख गरम वायूबरोबर बॉयलरच्या नळ्यांवर आपटत राहते. वेग दुप्पट झाला तर झीज पाचपटीच्या आसपास जाते, म्हणून वायूचा वेग आवरणं हाच पहिला उपाय. राखेचा गाळ वाहून नेणाऱ्या पाइपांना मात्र आतून वितळवून ओतलेल्या बेसाल्टचं अस्तर देतात. बेसाल्टच्या पठारावर राहणाऱ्यांना याची गंमत वाटावी.

शेतातल्या बोअरचं दुखणंही याच जातीचं. "भाऊ, बोअर रेती मारते," असं सांगत मेकॅनिक पंप खोलतो, तेव्हा धातूच्या इम्पेलरची, म्हणजे पाणी फेकणाऱ्या फिरत्या चाकाची, पाती बाहेरच्या टोकाला ब्लेडसारखी पातळ झालेली असतात आणि अंगावर बारीक लाटा उठलेल्या दिसतात. उथळ कोनातल्या झिजेची ही ओळखीची खूण. खाणीतल्या गाळाच्या पंपांना तर चक्क रबराचं अस्तर असतं: बारीक कण आदळतो, रबर दबतं आणि त्याला परत फेकतं. टोकदार मोठा खडा आला की मात्र तेच रबर फाटतं, म्हणून तिथं पुन्हा क्रोमियमचं कडक ओतीव लोखंड लागतं.