घरी सीएनसी लेथ लावायला थ्री फेज लागतंच का?
‘थ्री फेज कनेक्शन नसेल तर घरी सीएनसी लेथ (कॉम्प्युटरवर चालणारं कातयंत्र) चालतच नाही’ हे रत्नागिरी-कुडाळकडे कित्येकदा ऐकायला मिळतं. असं वाटणं साहजिक आहे, कारखान्यातल्या मोठ्या लेथना थ्री फेज लागतंच. पण छोट्या लेथची स्पिंडल मोटर (धातूचा तुकडा फिरवणारी मुख्य मोटर) १-२ एचपीची असते आणि सिंगल फेज इनपुटचा व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारं उपकरण) घरातल्या २३० व्होल्टवरून तिला थ्री फेज बनवून देतो, हत्यार सरकवणाऱ्या स्टेपर मोटर तर डीसी सप्लायवरच चालतात. तपासायचं असेल तर मोटरची नेमप्लेट वाचा, डेल्टात (मोटरच्या वायंडिंगच्या त्रिकोणी जोडणीत) २२०-२३० व्होल्ट लिहिलंय तर जमतं, नुसतं ४१५ असेल तर ती मोटर घेऊ नका. वीजबिलावरचा मंजूर भार पण बघा, लेथ त्यात बसते का ते. आणि हो, आपली जांभ्याची जमीन, उन्हाळ्यात सुकली की अर्थिंग कमजोर पडतं, ते इलेक्ट्रिशियनकडून आधी मोजून घ्याच, व्हीएफडीला चांगलं अर्थिंग लागतं.