पिल्सनरचा कडवटपणा: आकड्यात किती, जिभेवर किती

उत्तर जर्मनीच्या किनाऱ्याजवळच्या येफर गावात बनणारी पिल्स आणि चेकियाच्या बोहेमिया भागातल्या पिल्झेन शहराची मूळ पिल्सनर. दोन्ही सोनेरी बिअर, दोन्ही लागर, म्हणजे थंडीत आंबवून मुरवलेल्या, दोन्हींच्या कडवटपणाचा आकडा चाळिशीच्या आसपास. कागदावर सख्ख्या बहिणीच. पण पहिल्या घोटातच कळतं की त्यांचं घराणं वेगळं आहे. येफरचा कडवटपणा सरळ, कोरडा, गिळून झाल्यावरही जिभेच्या मुळाशी ठाण मांडून बसणारा. पिल्झेनचा मात्र माल्टच्या, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याच्या गोडसर, पावाच्या कडेसारख्या चवीत मुरलेला. तो येतो आणि हळूच मागे सरतो. मग चाळीस या आकड्याने नेमकं मोजलं काय?

बिअरमधला कडूपणा येतो हॉप्समधून. हॉप्स हा गांजाच्या कुळातला एक वेल. नर आणि मादी वेल वेगळे असतात, आणि बिअरसाठी लागतात ते फक्त मादी वेलाचे शंकूसारखे फुलोरे. शंकू उलगडून पाहिला तर पाकळ्यांच्या बुडाशी पिवळी, चिकट भुकटी दिसते. तिला ल्युप्युलिन म्हणतात. सुगंधी तेलं आणि अल्फा आम्लं या दोन्ही गोष्टी तिच्यातच असतात.

गंमत अशी की ही अल्फा आम्लं मुळात फारशी कडू नसतात आणि पाण्यात नीट विरघळतही नाहीत. माल्टचा गोड काढा, ज्याला ब्रूअर, म्हणजे बिअर बनवणारे, ‘वर्ट’ म्हणतात, त्यात हॉप्स टाकून तास-दीड तास खळखळ उकळले की या रेणूंची रचना बदलते. त्यांतलं सहा कार्बनचं कडं आकसून पाच कार्बनचं होतं. रेणूत एकही अणू वाढत नाही की कमी होत नाही, फक्त मांडणी बदलते. नव्या रूपाला आयसो-अल्फा आम्ल म्हणतात. ते विरघळतं, आणि चांगलंच कडू लागतं. या बदलाला उष्णता लागते. तापमान उकळबिंदूच्या १० अंश खाली आणलं तर त्याचा वेग निम्म्याहूनही कमी होतो. म्हणूनच उकळीच्या सुरुवातीला टाकलेले हॉप्स कडवटपणा देतात, पण त्यांचा सुगंध वाफेबरोबर उडून जातो. शेवटी टाकलेले हॉप्स सुगंध राखतात, कडवटपणा मात्र जेमतेम देतात.

एक हिशेब मांडून पाहू, कारण पुढे तो उपयोगी पडेल. कडवटपणाचं आंतरराष्ट्रीय एकक, म्हणजे आयबीयू, ढोबळमानाने एका लिटरमध्ये एक मिलिग्रॅम आयसो-अल्फा आम्ल एवढं धरतात. २० लिटर बिअरमध्ये ३५ आयबीयू हवे असतील तर ७०० मिलिग्रॅम आयसो-अल्फा आम्ल लागेल. पण टाकलेलं सगळं अल्फा आम्ल बदलत नाही. बदललेल्यातलंही काही प्रथिनांच्या गाळाबरोबर, काही यीस्टला चिकटून आणि काही फेसाबरोबर निघून जातं. हाती २८ टक्के लागलं असं धरलं तर मुळात २.५ ग्रॅम अल्फा आम्ल टाकायला हवं. बोहेमियाच्या झाटेक भागातल्या नामांकित हॉप्समध्ये, ज्यांना जर्मन लोक साझ म्हणतात, अल्फा आम्लाचं प्रमाण ४ टक्क्यांच्या आसपास असतं. म्हणजे साधारण ६३ ग्रॅम हॉप्स. त्याऐवजी जर्मनीत कडवटपणासाठीच पैदास केलेला, १३ टक्क्यांचा माग्नुम वापरला तर १९ ग्रॅममध्ये काम होतं. आकडा तोच ३५, पण एका काढ्यात दुसऱ्याच्या तिप्पट पाला उकळला गेला. पाल्याबरोबर पॉलिफेनॉलं ही वनस्पतींतली तुरट द्रव्यं आली, इतर तेलं आली. जिभेला हा फरक कळतो. आकड्यात तो फारसा उमटत नाही.

आकडा काढण्याची प्रयोगशाळेतली रीतही थोडी ओबडधोबड आहे. बिअरमध्ये आम्ल मिसळतात, आयसो-ऑक्टेन या द्रावकाने तिच्यातली कडू द्रव्यं ओढून घेतात, मग त्या द्रावणातून २७५ नॅनोमीटर तरंगलांबीचा अतिनील प्रकाश सोडतात. किती प्रकाश शोषला गेला त्याला ५० ने गुणलं की आयबीयू मिळाला. पद्धत स्वस्त आहे, पटकन होते, आणि जगभर चालते. पण तो प्रकाश फक्त आयसो-अल्फा आम्लच शोषतं असं नाही. जुन्या हॉप्समधली ऑक्सिडीकरण झालेली द्रव्यं आणि काही पॉलिफेनॉलंही त्याच मोजणीत घुसतात. म्हणून मी आयबीयूकडे तापमापीच्या पाऱ्यासारखा बघतो. पारा खोटं बोलत नाही, पण हवेत दमटपणा किती आहे हे तो सांगत नाही, आणि घाम तर दमटपणामुळेच निथळतो.

बिअरमधला हा दमटपणा म्हणजे उरलेली साखर. आपल्याकडे म्हण आहे, कडू कारलं तुपात तळलं, साखरेत घोळलं, तरी ते कडू ते कडूच. कारल्याचं खरं असेल, बिअरचं नाही. आपल्या जिभेवर कडू चवीचे २५ च्या आसपास ग्राही असतात आणि त्यांतले तीन हॉप्सच्या कडू द्रव्यांना प्रतिसाद देतात, असं प्रयोगांत दिसलं आहे. त्यांचा संदेश मेंदूपर्यंत पोहोचतो खरा, पण सोबत गोड चव आणि दाटपणाही पोहोचला तर मेंदू कडूपणाला कमी भाव देतो. वर्टमध्ये किती साखर विरघळली आहे हे ब्रूअर घनतेवरून सांगतात. पाण्याची घनता १.००० धरली तर पिल्सच्या वर्टची १.०४४ ते १.०५० भरते. किण्वन संपल्यावर जर्मन पिल्स १.०१३ च्या खाली, अनेकदा १.००८ पर्यंत उतरते. चेक पिल्सनर १.०१३ ते १.०१७ वर थांबते. हा फरक कागदावर किरकोळ दिसतो. तोंडात मात्र एक बिअर कोरडी वाटते आणि दुसरी भरीव. कोरड्या बिअरमध्ये कडवटपणाला लपायला आडोसाच उरत नाही.

त्यामुळे जाणकार आयबीयूला सुरुवातीच्या घनतेच्या शेवटच्या दोन आकड्यांनी भागून पाहतात. १.०४६ घनतेची, ३५ आयबीयूची पिल्स म्हणजे साधारण ०.७६. म्युनिकची हेलेस ही पिल्सची गोरी, सौम्य चुलत बहीण. १.०४७ घनता आणि १८ आयबीयू धरले तर तिचं गुणोत्तर ०.३८ येतं, पिल्सच्या बरोबर निम्मं. रंग सारखा, ताकद जवळपास सारखी, किण्वनाची रीत सारखी. हेलेसमध्ये माल्ट बोलतो आणि हॉप्स हुंकार देतात, पिल्समध्ये उलट. हे गुणोत्तरही अर्धंच चित्र दाखवतं, कारण शेवटी साखर किती उरली ते त्यात येत नाही. पण नुसत्या आयबीयूपेक्षा ते बरं.

शैली म्हणजे काय, तर प्यायला बसलेल्या माणसाची अपेक्षा. बिअर स्पर्धांच्या परीक्षकांसाठी बीजेसीपी ही संस्था मार्गदर्शिका काढते. तिच्या २०२१ च्या आवृत्तीत जर्मन पिल्ससाठी २२ ते ४० आयबीयू ही मर्यादा आहे, चेक प्रीमियम फिकट लागरसाठी ३० ते ४५, म्युनिक हेलेससाठी १६ ते २२, आणि सामान्य अमेरिकन लागरसाठी फक्त ८ ते १८. पिल्सची मर्यादा किती ऐसपैस आहे पाहा. २२ ची पिल्स आणि ४० ची पिल्स एकाच नावाखाली बसवणं हा मला जरा सोयीचा तोडगा वाटतो. २२ वाली जवळजवळ हेलेसच्या अंगणात उभी असते. तिच्या पाठीवर पिल्स लिहिलं असेल आणि शेवटचा घोट गोडसर लागत असेल, तर पिणाऱ्याने नाक मुरडलं तर त्याचं चुकलं असं म्हणवत नाही.

ही अपेक्षा तयार झाली पिल्झेनमध्ये. १८३८ साली तिथल्या नागरिकांनी बिघडलेल्या बिअरची ३६ पिंपं टाउन हॉलसमोर ओतून टाकली. चांगली बिअर हवी म्हणून गावाने स्वतःची ब्रुअरी उभारली आणि शेजारच्या जर्मन मुलखातून, बव्हेरियातून, योझेफ ग्रोल या ब्रूअरला बोलावलं. ऑक्टोबर १८४२ मध्ये त्याने पहिला घाणा उकळला. फिकट माल्ट, झाटेकचे हॉप्स, बव्हेरियन पद्धतीने थंडीत आंबवणं, आणि पिल्झेनचं पाणी. या पाण्याला श्रेय द्यायला हवं. त्यात क्षार इतके कमी की भरपूर हॉप्स टाकूनही कडवटपणा खरखरीत होत नाही. पाण्यात सल्फेट वाढलं की तोच कडवटपणा कोरडा आणि टोकदार भासतो. उत्तर जर्मनीच्या पिल्सचा धारदारपणा काही अंशी पाण्याच्याच खात्यावर जातो.

जर्मन ब्रूअरांनी ही शैली उचलली, आपल्या पाण्यात आणि आपल्या हॉप्सवर बसवली, आणि तिला आणखी कोरडं केलं. पिल्झेनच्या ब्रुअरीला हे अर्थातच रुचलं नाही. १८९८ मध्ये तिने ‘मूळ झरा’ या अर्थाचा ‘उर्क्वेल’ हा शब्द नोंदवून घेतला. पिल्सनर या नावावरून जर्मनीत कोर्टकज्जे झाले. शेवटी सूत्र असं रुळलं की पिल्सनर हे गावाचं नाव न राहता शैलीचं नाव झालं आहे, मात्र बिअर कुठे बनली ते स्पष्ट सांगा. जर्मनांनी पुढे नाव छाटून नुसतं पिल्स केलं. नावातला गोडवा गेला, बिअरमधला त्याआधीच गेला होता.

लागरमध्ये कडवटपणाचा दर्जा एवढा का जपावा लागतो, याचं उत्तर यीस्टमध्ये आहे. लागरचं यीस्ट दोन जातींचा संकर आहे. एक पावाचं आणि एलचं, म्हणजे उबेत आंबवलेल्या बिअरचं, ओळखीचं यीस्ट, दुसरी जात थंडीला सरावलेली, जी २०११ साली पॅटागोनियाच्या जंगलात सापडली. हे संकरित यीस्ट ८ ते १२ अंश सेल्सिअसला संथपणे काम करतं आणि फळांसारखे वास फार कमी तयार करतं. मग बिअर शून्याच्या आसपास काही आठवडे मुरते. जर्मन भाषेत लागर्न म्हणजे साठवून ठेवणं. हाती येते ती इतकी स्वच्छ बिअर की तिच्यात काहीच झाकलं जात नाही. गडद, दणकट एलमध्ये शिळे हॉप्स खपून जातात. पिल्समध्ये ते पहिल्या घोटाला चहाडी करतात. म्हणूनच हालरटाउ, टेटनांग, श्पाल्ट आणि साझ या जुन्या, सुगंधी, कमी अल्फाच्या हॉप्सना ‘उमदे’ म्हणण्याची प्रथा पडली. आज बरेच ब्रूअर मधला मार्ग काढतात. सुरुवातीला माग्नुमसारखा ताकदीचा हॉप, शेवटी उमदा.

आयसो-अल्फा आम्लाची आणखी दोन कामं आहेत. माल्टमधल्या प्रथिनांशी हातमिळवणी करून ते फेस घट्ट करतं. पेल्याच्या आत घोटागणिक उरणारी जाळी ही त्याचीच खूण. दुसरं काम त्याच्या इच्छेविरुद्ध घडतं. बिअरमधलं रायबोफ्लेविन, म्हणजे ब२ जीवनसत्त्व, प्रकाश शोषून आयसो-अल्फा आम्लाचा तुकडा पाडतं, तो गंधकाशी जुळतो, आणि स्कंक प्राण्याच्या फवाऱ्याची आठवण करून देणारा वास येतो. लिटरमागे काही नॅनोग्रॅमही नाकाला पुरतात. तपकिरी काच हा प्रकाश बऱ्यापैकी अडवते, हिरवी फारसा अडवत नाही. हिरव्या बाटलीतली पिल्स दिसायला देखणी असते, हे मान्य. मी ती उन्हात ठेवलेल्या फळीवरून उचलणार नाही.

हॉप्सपुढचा सगळ्यात मोठा प्रश्न शेतातून येतो आहे. २०२३ मध्ये नेचर कम्युनिकेशन्समध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जर्मनी, चेकिया आणि स्लोव्हेनियातल्या सुगंधी हॉप्सची आकडेवारी तपासली होती. वाढती उष्णता आणि अवर्षणामुळे २०५० पर्यंत या हॉप्समधलं अल्फा आम्ल २० ते ३१ टक्क्यांनी घटेल, असा त्याचा अंदाज आहे. आपला मघाचा हिशेब पुन्हा काढा. ४ टक्क्यांचा साझ एक चतुर्थांशाने घसरून ३ टक्क्यांवर आला, तर २० लिटरमध्ये ३५ आयबीयूसाठी ६३ ग्रॅमऐवजी ८३ ग्रॅम हॉप्स लागतील. लेबलवरचा आकडा ३५ च राहील. उकळीत मात्र २० ग्रॅम पाला जास्त असेल.