बायोडिझेलमधली घट

वनस्पती तेलापासून बायोडिझेल बनवताना हिशेबाने जेवढं निघायला हवं आणि शेवटी ड्रममध्ये जेवढं उरतं, त्यातला फरक म्हणजे घट. १०० किलो तेल अन् साधारण ११ किलो मेथॅनॉल यातून जवळपास १०० किलो बायोडिझेल आणि १० किलो ग्लिसरीन, हा कागदावरचा हिशेब, प्रत्यक्षात रिअॅक्शन उलटी फिरू नये म्हणून मेथॅनॉल दुप्पट घालतात.

ही रिअॅक्शन पहिल्यांदा कोणी केली यावर एकमत नाही. बरेच जण १८५३ साल देऊन 'डफी आणि पॅट्रिक' अशी दोघांची नावं टाकतात, पण पॅट्रिक डफी हा एकच माणूस असावा हे जास्त पटतं, आणि तोसुद्धा चरबीची रचना शोधत होता, इंधन नाही. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात शेंगदाणा तेलावर इंजिन चाललं होतं खरं, पण ते सरळ तेलावर, म्हणून ते इथे धरू नये. इंधनाच्या दृष्टीने ब्रुसेल्सचे संशोधक शावान यांचं १९३७ चं बेल्जियन पेटंट हीच सुरुवात मानणं बरं, त्यात पाम तेलाचे इथाइल एस्टर (म्हणजे मेथॅनॉलऐवजी इथेनॉलने बनवलेलं बायोडिझेल) आहेत.

घटीचं मोठं कारण साबण. तेलात १ टक्का मोकळं (तेलाच्या रेणूतून सुटलेलं) फॅटी अॅसिड असलं तर १०० किलोमागे साधारण १४० ग्रॅम कॉस्टिक (कॉस्टिक सोडा, ही क्रिया घडवायला मेथॅनॉलसोबत घालतात ते) तिथेच खर्च होतं आणि किलोभर साबण तयार होतो, वर हा साबण चांगलं बायोडिझेल धरून ग्लिसरीनच्या थरात घेऊन बसतो. इंदूरला सोयाबीनचं ताजं रिफाइंड तेल घेतलं तर हा त्रास कमी, पण तिथल्या सराफ्यातल्या (रात्रीच्या खाऊबाजारातल्या) कढईतलं, गराडू (एक कंद)-कचोरी तळून काळं पडलेलं तेल घेतलं की अॅसिड आणि पाणी दोन्ही येतं (२५ टक्क्यांवर पोलर घटक (तळून तळून तेल बिघडल्याने बनणारे पदार्थ) गेलेलं तेल १ जुलै २०१८ पासून खाण्यात वापरायचंच नाही, मग ते इकडे वळवणं केव्हाही चांगलं). असं तेल आधी गाळून, तापवून पाणी उडवायचं आणि टायट्रेशन करून (म्हणजे थेंबाथेंबाने अल्कली घालून तेलातलं अॅसिड मोजून) मगच कॉस्टिक ठरवायचं, अंदाजाने टाकू नये. अॅसिड २-३ टक्क्यांवर असेल तर आधी सल्फ्युरिक अॅसिड आणि मेथॅनॉलने ते मारून घ्यावं लागतं.

तयार बायोडिझेलमधला साबण काढायला ते पाण्याने धुतात, तेव्हा जोरात हलवलं की मध्ये दह्यासारखा पांढरा थर जमतो, तो रात्रभर ठेवला तरी सुटत नाही, आणि लोक दोष पाण्याला देतात. माझ्या मते दोष बहुतेक वेळा आधीच्या टप्प्यातच असतो, अर्धवट रिअॅक्शन झालेले मोनो-डायग्लिसराइडही तेल-पाणी एकत्र बांधून ठेवतात. ३ मिली बायोडिझेल २७ मिली मेथॅनॉलमध्ये टाकून पाहावं, तळाशी तेल बसलं तर धुऊ नका, ग्लिसरीन काढून थोडं मेथॅनॉल-कॉस्टिक घालून परत चालवा. कोमट पाणी हळू फवारून धुतलं तर थर कमी बनतो.

मेथॅनॉल ६४.७ अंशाला उकळतं, त्यामुळे भांडं ६० च्या आसपास आणि झाकूनच ठेवतात.

इथेनॉल वापरूनही बनतं, पण ग्लिसरीन वेगळं व्हायला जास्त त्रास देतं.